रेडीचा रस्ता आणि सायकलीचा हिशेब

रायगड जिल्ह्यातील रेवसपासून निघून समुद्राच्या कडेकडेने थेट गोव्याच्या सीमेपर्यंत जाणारा जो सागरी महामार्ग महाराष्ट्रात आखण्यात आला आहे, त्याचे नाव सरकारी कागदपत्रांत आणि वृत्तपत्रांच्या स्तंभांत बहुधा 'रेवस-रेड्डी महामार्ग' असे छापले जाते. वस्तुतः सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तेरेखोल खाडीच्या अलीकडे, 'रेड्डी' नावाचे गाव नाही. आहे ते रेडी. मराठी नाव इंग्रजी नकाशात गेले आणि तेथून पुन्हा मराठीत येताना एक 'ड' जास्तीचा घेऊन आले. चूक लहान आहे, पण तिच्यातून एक गोष्ट ध्यानात येते. ज्या गावापाशी रस्ता संपणार, त्या गावाचे नाव धड ठाऊक नसतानाही सुमारे पाचशे किलोमीटरचा रस्ता आखता येतो. मोटारीतून जाणाऱ्याला वाटेवरच्या गावाचे नाव माहीत असण्याची गरज पडत नाही. सायकलवरून जाणाऱ्याला मात्र ती पडते, कारण त्याला कोठेतरी उतरून वाट विचारावी लागते.

गेल्या काही वर्षांत पावसाळा संपून हवेत गारवा आला की मुंबई-पुण्याकडचे सायकलस्वार पाचदहाच्या टोळीने या किनाऱ्याने गोव्याकडे जाताना दिसू लागले आहेत. डोक्यावर शिरस्त्राण, पाठीमागे दोन पिशव्या आणि पायाखाली अनेक गिअरांची सायकल असा त्यांचा थाट असतो. वाटेवरच्या गावकऱ्यांना त्यांचे नवल वाटते. ज्यांच्याजवळ मोटार घेण्याची ऐपत आहे ती माणसे घाम गाळीत घाट का चढतात, असा त्यांचा प्रश्न असतो आणि तो अगदीच गैरलागू नाही. कारण ज्या काळात शहरातला सुखवस्तू माणूस सायकलीकडे परतू लागला, त्याच काळात खेड्यातला तरुण ती कोपऱ्यात टाकून हप्त्याच्या मोटारसायकलीवर बसला. एके काळी शाळामास्तर, टपालवाला, तलाठी आणि कचेरीतला कारकून या सर्वांचे वाहन सायकल हेच होते. रात्री दिवा नसला किंवा मागे कोणाला बसविले तर पोलीस अडवीत, आणि नगरपालिकेचा बिल्ला नसला तर दंड होई. आज या वाहनाला ना बिल्ला लागतो, ना परवाना. पण मोठ्या रस्त्यावर त्याला हक्काची जागाही राहिलेली नाही.

म्हणूनच सागरी महामार्गाकडे एकदा सायकलवर बसून पाहणे उपयुक्त ठरेल. रस्ता चांगला की वाईट हे ठरविण्याचे माप कोणते, हा खरा प्रश्न आहे. आणि त्या दृष्टीने वेंगुर्ले ते रेडी हा सुमारे पंचवीस किलोमीटरचा टापू उत्तम नमुना आहे.

चढ-उताराचा प्रदेश

सिंधुदुर्गातला किनारा सपाट असेल अशी घाटावरच्या माणसाची कल्पना असते. ती पहिल्या अर्ध्या तासातच दूर होते. सह्याद्री येथे समुद्रापासून फार लांब नाही. त्याच्यावरून उतरणाऱ्या नद्या आखूड आणि वेगवान, आणि समुद्राजवळ आल्या की त्यांच्या खाड्या होतात. दोन खाड्यांच्या मधली जमीन म्हणजे जांभ्या दगडाचा उंच सडा. त्यामुळे किनाऱ्याने जाणारा रस्ता सड्यावर चढतो, खाडीकडे उतरतो, पूल ओलांडतो आणि पुन्हा चढू लागतो. वेंगुर्ल्याहून दक्षिणेला निघाले की मोचेमाडची चढण हाच पाठ देते. वर काजूच्या बागा आणि रान. खाली खाडीचे वळण, माडांची रांग आणि त्यापलीकडे समुद्राची निळी पट्टी. चढताना मान खाली असते म्हणून दिसत नाही ते उतरताना दिसते. मात्र तेथे हात ब्रेकवर ठेवावा लागतो, कारण वळणापलीकडून काय येईल याचा नेम नसतो.

चढ हा कष्टाचा खराच, पण त्याचा हिशेब भिण्यासारखा नाही. सत्तर किलोचा माणूस आणि पंधरा किलोची सायकल शंभर मीटर उंच नेण्यासाठी जी शक्ती लागते, ती शरीराची कार्यक्षमता लक्षात घेता एका चपातीतून मिळते. सपाटीवर तर सायकलीसारखे काटकसरी यंत्र दुसरे नाही. चालणाऱ्या माणसाला मैलामागे जेवढी शक्ती खर्चावी लागते, तिच्या एका लहानशा हिश्श्यात सायकलस्वार तेवढेच अंतर तिप्पट-चौपट वेगाने तोडतो. ना तेल लागते, ना परकीय चलन. कोकणातल्या चढावर फारतर उतरून चार पावले चालावे लागते, आणि त्यात कमीपणा नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणण्याची प्रथा आहे. शाळेला निघालेल्या मुलीला असा किताब कोणी देत नाही, पण चढ तोच असतो.

मोचेमाड मागे टाकून टाक आणि आरवली या गावांतून रस्ता शिरोड्याला येतो. आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्या मोठ्या चामडी वहाणा अर्पण करतात. रात्री देव गावाच्या राखणीला पायी फिरतो आणि त्यामुळे वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. जयवंत दळवी यांच्यामुळे हे गाव मराठी वाचकाच्या परिचयाचे झाले. शिरोड्याशी मराठी वाचकाचे नाते त्याहून जुने. वि. स. खांडेकर १९२० साली येथील शाळेत शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत येथे राहिले. मुंबई-पुण्यापासून इतक्या दूर असलेल्या एका खेडेगावातल्या शाळेत बसून एक शिक्षक महाराष्ट्रभर वाचला जाणारा लेखक झाला, ही गोष्ट शिक्षकवर्गाने विसरू नये अशी आहे. याच शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला, आणि महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या सत्याग्रहींनी लाठ्या आणि तुरुंगवास पत्करला. आज मोटारीतून जाणाऱ्याला यातले काय दिसते? फारतर एक फलक, तोही झाडीतून निसटता.

वाटेवरचे गाव

शिरोड्याहून पुढे पाच-सहा किलोमीटरवर रेडी. गावात शिरता शिरता मातीचा रंग गडद होतो, कारण ही लोहखनिजाची भूमी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे खाणी चालल्या आणि बंदरातून खनिज परदेशी गेले. १९७६ साली खाणीच्याच परिसरात गणपतीची दोन हातांची मोठी पाषाणमूर्ती सापडली, आणि आज रेडी हे नाव बहुतेकांना ठाऊक आहे ते या गणपतीमुळे. पण गावाची कीर्ती त्याहून पुष्कळ प्राचीन आहे. ऐहोळे येथील इ. स. ६३४ च्या शिलालेखात चालुक्य राजा मंगलेश याने रेवतीद्वीप जिंकल्याचा उल्लेख आहे, आणि हे रेवतीद्वीप म्हणजे आजचे रेडी असे अनेक इतिहाससंशोधक मानतात.

खाडीच्या मुखाशी एका बुटक्या टेकडीवर यशवंतगड उभा आहे. जांभ्या चिऱ्यांचा तट, भोवती खंदक, आणि तटावर वडापिंपळांच्या मुळ्यांची अशी जाळी की भिंतीने झाडाला धरले आहे की झाडाने भिंतीला, हे सांगता येऊ नये. शिवाजी महाराजांनी १६६२ च्या सुमारास या किल्ल्याची दुरुस्ती केली असे सांगितले जाते. पुढे तो वाडीच्या सावंतांकडे होता. १७४६ साली पोर्तुगिजांनी घेतला. आणि अखेरीस १८१९ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. रेडीहून थोडे पुढे गेले की तेरेखोल. हा किल्लाही सावंतांचाच आणि १७४६ मध्येच पोर्तुगिजांनी घेतलेला. मात्र तो त्यांच्याकडेच राहिला. नदीच्या उत्तर तीरावर असूनही तेरेखोल गाव गोव्यात मोडते, ते या इतिहासामुळे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा फडकविला. गोवा मुक्त होण्यास तेव्हा सात वर्षांहून अधिक अवधी होता. तेथून पलीकडच्या केरीला जायचे तर फेरीबोट धरावी लागते.

या सर्व इतिहासात एक सूत्र आहे. रेडी हे नेहमी कोणाच्या तरी वाटेवरचे ठिकाण राहिले. चालुक्यांना ते सागरी ठाणे म्हणून हवे होते, सावंतांना सीमेवरचा पहारा म्हणून, पोर्तुगिजांना गोव्याचे उत्तरेकडचे दार म्हणून, आणि खाणवाल्यांना जहाजापर्यंत माल नेण्याची जागा म्हणून. माल गेला, सत्ता गेल्या. लाल धूळ आणि तटावरची मुळे मागे राहिली. आता त्याच वाटेने प्रवासी जाणार आहेत. तेही खनिजासारखे केवळ येथून वाहून नेले जाणार, की येथे क्षणभर थांबणार?

वेगाचा हिशेब

अर्थशास्त्रात रस्त्याचा लाभ मोजण्याची एक रूढ रीत आहे. रस्ता रुंद झाल्याने प्रत्येक वाहनाचा किती वेळ वाचला ते काढायचे, त्या वेळेची रुपयांत किंमत करायची आणि तिची बांधणीच्या खर्चाशी तुलना करायची. रीत चुकीची नाही, पण अपुरी आहे. वाचलेला वेळ जमेच्या बाजूस येतो. पण तो वेळ ज्या गावात एरवी खर्च झाला असता, त्या गावाचे नुकसान वजा केले जात नाही. चहाच्या टपरीवर घालवलेला अर्धा तास मोटारवाल्याच्या खात्यावर नुकसान असते, टपरीवाल्याच्या खात्यावर तेच उत्पन्न असते.

पाचशे किलोमीटरचा हा किनारा मोटारीने फारतर दोन दिवसांत पार करता येतो, म्हणजे मुक्काम एकच, आणि तोही बहुधा मोठ्या हॉटेलात. तोच प्रवास सायकलवर दिवसाला सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या चालीने करणाऱ्याला सहा-सात दिवस लागतात. म्हणजे पाच-सहा गावांत पाच-सहा मुक्काम, आणि रोज किमान तीन वेळा कोठेतरी खाणे. त्याला भूकही दांडगी लागते. खानावळीत त्याने दिलेला पैसा संध्याकाळपर्यंत मासे विकणारीकडे, नारळवाल्याकडे, किराणा दुकानात आणि पंक्चर काढणाऱ्याकडे पोचलेला असतो. मोठ्या हॉटेलात दिलेल्या पैशाचा बराचसा भाग मालक, दलाल आणि दूरच्या पुरवठादारांकडे निघून जातो. यालाच अर्थशास्त्रात गळती म्हणतात. गाडी जितकी वेगवान, तितकी वाटेवरच्या गावांच्या दृष्टीने गळती अधिक.

वेगाचा आणखी एक हिशेब इव्हान इलिच या विचारवंताने १९७४ सालच्या 'एनर्जी अँड इक्विटी' या पुस्तकात मांडला होता. एक सर्वसामान्य अमेरिकन पुरुष मोटारीत बसण्यात आणि तिचे हप्ते, विमा, कर, इंधन यांसाठी कमाई करण्यात वर्षाला सोळाशेहून अधिक तास घालवतो आणि त्या बदल्यात साडेसात हजार मैल जातो. भागाकार केला तर त्याचा खरा वेग ताशी पाच मैलांहूनही कमी भरतो. आकडे त्या देशाचे आणि त्या काळचे आहेत. पण ज्या कारकुनाचा पगार महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वाहनाच्या हप्त्यात आणि पेट्रोलात जातो, त्याला हा भागाकार समजावून सांगण्याची गरज नाही.

वेंगुर्ल्याचा धडा

वाहतुकीची नवी सोय झाली म्हणजे वाटेवरच्या सर्वांचेच भले होते, हा समज किती भाबडा आहे हे पाहण्यास दूर जावयास नको. वेंगुर्ले हे एके काळी दक्षिण कोकणातले भरभराटीचे बंदर. घाटावर, बेळगावकडे जाणारा माल येथे उतरे, बैलगाड्यांतून घाट चढे, आणि देशावरचे धान्य व कापूस त्याच वाटेने खाली येई. १८८८ च्या सुमारास मुरगाव बंदर लोहमार्गाने घाटावरच्या प्रदेशाशी जोडले गेले आणि माल त्या वाटेने वळला. वेंगुर्ल्याला कोणी शत्रूने लुटले नाही; केवळ वाट बदलली. पुढे मुंबई-गोवा आगबोटींचा थांबा म्हणून बंदर काही काळ गजबजलेले राहिले. त्या बोटीही बंद पडल्या. दलाल, गाडीवान, हमाल आणि खानावळवाले यांच्या मुलांनी मग मुंबईची वाट धरली. कोकणातल्या मनीऑर्डरीच्या अर्थव्यवस्थेमागे अशा बदललेल्या वाटाही आहेत.

सागरी महामार्गामुळे असे काही घडणारच, असे म्हणणे घाईचे होईल. या मार्गाची दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. रेडी-शिरोड्याकडच्या अत्यवस्थ रुग्णाला बऱ्याचदा गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात न्यावे लागते, आणि त्या प्रवासातला प्रत्येक मिनिट मोलाचा असतो. आंबा आणि मासळी हा नाशवंत माल. तो वेळेवर बाजारात पोचला नाही तर कोणी शिलालेख वाचून त्याचे पैसे देणार नाही. ज्या गावांना वर्षानुवर्षे खाडीला वळसा घालून जावे लागले, त्यांनी पूल मागितला तर त्यांना निसर्गसौंदर्याची प्रवचने ऐकविणे हा शहरी उद्धटपणा ठरेल. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हा तिच्यावरही टीका झाली होती. आज तिच्यावाचून कोकणी माणसाचा गणपती सुना जाईल. तेव्हा रस्ता हवा की नको, हा वादच नाही. तो रस्ता कोणाकोणासाठी, एवढाच प्रश्न आहे.

शाळेची वाट

या प्रश्नात हौशी सायकलस्वाराहून महत्त्वाची एक व्यक्ती आहे. ती म्हणजे वाडीवरून माध्यमिक शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात जाणारी मुलगी. सिंधुदुर्गातले गाव एका जागी नसते. ते वाड्यावाड्यांत पसरलेले असते. शाळा तीन-चार किलोमीटरवर, एस.टी. ठराविक वेळेची, आणि ती चुकली तर चालणे किंवा कोणाच्या तरी मोटारसायकलीवर बसणे. बापाला दुसरा पर्याय नको असतो, आणि पहिला पर्याय पावसाळ्यात व संध्याकाळी नको वाटतो.

बिहारमध्ये २००६ साली नववीत गेलेल्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला तेव्हा असे आढळले की माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण त्यामुळे सुमारे ३२ टक्क्यांनी वाढले, आणि ही वाढ मुख्यतः जेथे शाळा तीन किलोमीटरहून दूर होती अशा खेड्यांत झाली. एखादे कल्याणकारी खर्चाचे कलम इतके फलदायी ठरल्याची उदाहरणे थोडी आहेत. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सायकलीवरचा वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला, हेही स्वागतार्हच. परंतु सायकल स्वस्त झाली आणि रस्ता धोक्याचा झाला, तर आई-वडील मुलीच्या हाती ती देणार नाहीत. ज्या रस्त्यावरून मालमोटारी आणि भरधाव गाड्या जातात, कडेला पांढऱ्या पट्टीपलीकडे उघडे गटार असते, आणि वळणावर कठड्याशिवाय काही नसते, त्या रस्त्यावर सायकल बंद होते. तिला बंदी घालावी लागत नाही. ती भीतीनेच बंद होते.

डचांचा अनुभव

वेंगुर्ल्यात सतराव्या शतकातल्या डच वखारीचे पडके अवशेष अजून आहेत. ज्या देशाच्या व्यापाऱ्यांनी ही वखार घातली, तो देश आज सायकलींचा देश म्हणून जगाला ठाऊक आहे, आणि तेथे एकूण प्रवासांपैकी चतुर्थांशाहून अधिक सायकलीवर होतात. हे त्यांच्या रक्तातच आहे असे म्हणून आपण मोकळे होतो. इतिहास वेगळे सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर हॉलंडमध्येही मोटारी वाढल्या, रस्ते रुंद झाले आणि सायकली झपाट्याने घटल्या. १९७१ साली तेथे रस्त्यांवरच्या अपघातांत तेहतीसशेच्या आसपास माणसे दगावली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आई-बाप रस्त्यावर उतरले, 'मुलांची हत्या थांबवा' अशी चळवळ उभी राहिली, आणि त्यातच १९७३ चे तेलसंकट आले. त्यानंतर पुढची काही दशके नेटाने सायकलींसाठी वेगळ्या वाटा बांधण्यात आल्या. म्हणजे आज जे दिसते ते परंपरेने आयते मिळालेले नाही. नागरिकांनी मागून आणि सरकारने खर्चून ते मिळविले आहे.

हॉलंड सपाट आहे आणि सिंधुदुर्ग डोंगराळ, हा आक्षेप रास्त आहे. येथील पाऊसही तीन हजार मिलिमीटरच्या वर जाणारा. तथापि गिअरच्या साध्या सायकली आता दुर्मीळ राहिलेल्या नाहीत, आणि विजेवर चालणाऱ्या सायकलींनी चढाची धास्तीही कमी केली आहे. शिवाय येथे कोणी रोज घाट चढून जिल्हा ओलांडीत नाही. बहुतेकांचा रोजचा प्रवास एका सड्यापासून दुसऱ्या सड्यापर्यंतचा, म्हणजे चार-पाच किलोमीटरचाच असतो.

करण्याजोगे

काय करता येईल? पहिली गोष्ट अशी की जेथे नवा महामार्ग गावाबाहेरून जाईल, तेथे गावातून जाणारा जुना, वळणांचा आणि झाडांच्या सावलीचा रस्ता आहे तसा राखावा. त्याचे रुंदीकरण करण्याचा मोह टाळावा आणि अवजड वाहनांना तेथे मज्जाव करावा. असे जुने तुकडे सलग जोडले तर वेंगुर्ले ते रेडी ही सायकलींची आणि पादचाऱ्यांची सुरेख वाट तयार होईल, आणि तिच्यासाठी एक काजूचे झाडही तोडावे लागणार नाही. दुसरी गोष्ट, जेथे जुना आणि नवा रस्ता एकच आहे, तेथे दोन्ही बाजूंस दीड-दोन मीटरची पक्की कडा ठेवावी आणि गटारे झाकावीत. खाड्यांवर जे नवे पूल होणार आहेत, त्यांच्या आराखड्यातच पायी आणि सायकलीने जाणाऱ्यांची बाजू असावी. पूल एकदा उभा राहिल्यावर त्याला ही बाजू जोडता येत नाही. तिसरी, शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी खनिज आणि चिरे वाहणाऱ्या डंपरांना थांबवावे. चौथी, एस.टी.च्या आणि रेल्वेच्या गाड्यांत सायकल नेण्याची सोय सुलभ करावी, म्हणजे सावंतवाडीला उतरलेला प्रवासी सायकलीने किनाऱ्याकडे येऊ शकेल.

यातल्या कोणत्याही गोष्टीसाठी वेगळे महामंडळ लागत नाही. लागते ती आराखड्याच्या टप्प्यावर केलेली मागणी. ग्रामसभेने ठराव करावा, शाळेने त्याला दाखल्यांसह दुजोरा द्यावा. आपल्या किती मुली किती अंतरावरून कशा येतात, ही नोंद शिक्षकांइतकी दुसऱ्या कोणाजवळ नसते. महाविद्यालयांनीही यात हातभार लावावा. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वर्गात रहदारीचे सिद्धान्त शिकविण्याबरोबर एक दिवस नाक्यावर बसवावे आणि कोण, कोणत्या वाहनाने, किती अंतरासाठी जातो हे मोजावयास लावावे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी यशवंतगडाच्या तटावरची मुळे आणि ढासळलेले चिरे यांची नोंद करावी. मुंबईच्या काही पारशी तरुणांनी १९२३ साली सायकलींवरून जगप्रदक्षिणेस प्रारंभ केला आणि १९२८ साली ती पूर्ण केली. आमच्या शाळांना निदान तालुक्याची प्रदक्षिणा तरी करता यावी. पण ती करण्यासाठी शिक्षकाला पन्नास मुले घेऊन रस्त्यावर उतरण्याची हिंमत झाली पाहिजे, आणि ती हिंमत रस्त्याने द्यावी लागते.

रस्ता किती वेगाने नेतो हे एक माप झाले. शिरोड्याच्या शाळेतून सुटलेली चौदा वर्षांची मुलगी संध्याकाळी सायकलवर एकटी आपल्या वाडीपर्यंत निर्धास्त जाऊ शकते की नाही, हे दुसरे. जो रस्ता या दुसऱ्या मापास उतरेल, तो हौशी सायकलस्वाराला, पायी जाणाऱ्या म्हाताऱ्याला आणि मासळीची पाटी घेऊन चाललेल्या बाईलाही चांगलाच असेल. आणि रुग्णवाहिकेलाही तो अडवणार नाही. सागरी महामार्गाचे काम टप्प्याटप्प्याने हाती घेतले जात आहे, त्यामुळे अशा सूचना करण्यास अजून वेळ आहे. पैशावाचून होण्याजोगी एक दुरुस्ती तर उद्यासुद्धा करता येईल. महामार्गाच्या फलकावरचा आणि कागदावरचा तो जास्तीचा 'ड' काढून टाकावा. ज्या गावाला रस्ता न्यायचा, त्या गावाचे नाव तरी नीट लिहावे.